संग्रहालयातला खेळ आणि मोठी माणसे

संग्रहालयात खेळायचे ते मुलांनी आणि मोठ्यांनी हात मागे बांधून पाट्या वाचायच्या, ही वाटणी आज अंगवळणी पडली आहे. ती फार जुनी मात्र नाही. वस्तू हाताळत, दांडा फिरवत, चुकत-माकत शिकण्याची सोय संग्रहालयांनी आधी केली ती मोठ्या, कमावत्या माणसांसाठी. खास मुलांसाठी संग्रहालये निघू लागली ती एकोणिसावे शतक सरता सरता. पुढच्या तीन-चार दशकांत खेळ ही बालपणाचीच मालमत्ता ठरली आणि मोठा माणूस त्या दालनांच्या दाराशी पालक म्हणून उभा राहिला. खेळ मोठ्यांच्या हातून कसा गेला आणि परत कसा येऊ लागला, हा संग्रहालयांच्या इतिहासाचा कमी सांगितला गेलेला भाग आहे.

सप्टेंबर १६७५ मध्ये पॅरिसला सेन नदीवर पाण्यावरून चालण्याचे एक यंत्र दाखवण्यात आले. त्या प्रसंगावरून गॉटफ्रीड लायब्निझ या तेव्हा २९ वर्षांच्या जर्मन तत्त्वज्ञाला एक कल्पना सुचली आणि त्याने ती एका टिपणात उतरवली. टिपणाच्या फ्रेंच शीर्षकाचा अर्थ साधारण ‘एक गमतीचा विचार’ असा होतो. यंत्रे, नवे शोध आणि नवलाच्या गोष्टी लोकांना दाखवणारे एक कायमचे प्रदर्शन त्याच्या मनात होते. त्यात जादूचे कंदील, खोट्या उल्का, कारंजी, विचित्र घडणीची जहाजे, हिशेब करणारी यंत्रे, शरीराची चिरफाड दाखवणारे सभागृह आणि जोडीला पैसे लावून खेळण्याची खेळघरेही होती. लायब्निझच्या यादीत जुगार आणि गणित शेजारी शेजारी बसले आहेत, आणि यात त्याला काही वावगे वाटत नाही. लोक मौजेसाठी येतील, पैसे देतील, आणि त्यांचे डोळे उघडतील, असा त्याचा हिशेब होता. त्याने स्वतः गणनयंत्र बनवून १६७३ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे ठेवले होते, त्यामुळे यंत्र चालताना पाहणे आणि त्याचे वर्णन वाचणे यांतला फरक त्याला पुरता ठाऊक होता. ते प्रदर्शन कधी उभे राहिले नाही. टिपण मात्र टिकले, आणि त्यातले प्रेक्षक सगळे प्रौढ आहेत.

प्रत्यक्षातली संग्रहालयेही आरंभी हात लावू देत. ऑक्सफर्डचे ॲशमोलियन १६८३ मध्ये सर्वांसाठी खुले झाले. १७१० मध्ये तिथे आलेल्या उफेनबाख या जर्मन प्रवाशाने तक्रार लिहून ठेवली आहे. खेड्यातली माणसे, इतकेच काय बायकासुद्धा, थोडे पैसे देऊन आत शिरतात, इकडून तिकडे धावतात आणि दिसेल ती वस्तू हातात घेतात, अशी ती तक्रार. तिच्यातला तुच्छभाव बाजूला ठेवला तर एक मोलाची माहिती उरते: त्या काळी सामान्य माणूस वस्तू उचलून, उलटीसुलटी करून पाहत असे. पुढच्या दीडशे वर्षांत ही सवय मोडली. वस्तू काचेच्या कपाटांत गेल्या, पहारेकरी आले, बोलणे दबक्या आवाजात होऊ लागले. वस्तू टिकवायच्या तर याला पर्याय नव्हता. ज्या वस्तूची जोड दुसरीकडे कुठे नाही ती हजारोंच्या हाती देता येत नाही. पण जतनासाठी घातलेला नियम हळूहळू शिकण्याची रीत बनला, आणि डोळ्यांनी पाहणे हेच सभ्य शिकणे अशी समजूत झाली. तिने पुष्कळ नुकसान केले.

यंत्रांच्या संग्रहालयांत मात्र ती सहज रुजली नाही, कारण थांबलेले यंत्र काही सांगत नाही. फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत १७९४ मध्ये ॲबे ग्रेग्वार याच्या प्रयत्नाने पॅरिसमध्ये कला आणि धंद्यांचे संग्रहालय स्थापन झाले. कारागिरांना यंत्रे चालवून दाखवायची माणसे तिथे नेमायची, हा त्या योजनेचा गाभा होता. लंडनमध्ये १८३२ मध्ये ॲडलेड गॅलरी आणि १८३८ मध्ये रीजंट स्ट्रीटवर पॉलिटेक्निक इन्स्टिट्यूशन सुरू झाले. दोन्ही ठिकाणी तिकीट काढून लोक येत आणि चालती यंत्रे पाहत.

पॉलिटेक्निकचे मोठे आकर्षण म्हणजे पाणबुड्यांची लोखंडी घंटा. पाण्याने भरलेल्या हौदात ती साखळीने खाली सोडत, आत कडेने बसायला बाके होती आणि पंपाने हवा पुरवली जाई. तीत बसणारे घरंदाज स्त्री-पुरुष असत. घंटा खाली जाऊ लागली की कानांत दडे बसत आणि पाण्याचा दाब म्हणजे काय हे त्या क्षणी कळे. पालथे भांडे पाण्यात बुडवले तर आतली हवा पाण्याला वर येऊ देत नाही, हे पुस्तकातले वाक्य तिथे पायांखाली प्रत्यक्ष दिसे: बाकाखाली पाणी होते आणि पाय कोरडे राहत. या अनुभवाला कुणी शिक्षण म्हणो की करमणूक, संस्थेने दोन्ही एकाच तिकिटात दिले. पुढे पैशाची चणचण झाली, भुताखेतांच्या प्रकाशखेळांवर भर वाढला आणि १८८१ मध्ये संस्था बंद पडली. तिची इमारत क्विंटिन हॉग याने घेतली आणि तिथे कामकरी तरुणांसाठी वर्ग सुरू झाले.

त्याच शहरात दुसरा प्रवाह वाहत होता. १८५७ मध्ये उघडलेल्या साउथ केन्सिंग्टन संग्रहालयात हेन्री कोल याने गॅसचे दिवे लावले आणि आठवड्यातल्या काही रात्री दारे उघडी ठेवली, कारण दिवसभर राबणाऱ्या माणसाला दुसरी वेळ नव्हती. उपाहारगृहही काढले. प्रौढ शिकणाऱ्याची दिनचर्या लक्षात घेणारे हे पहिले मोठे संग्रहालय म्हणता येईल. पण आत आल्यावर त्याने काय करायचे, याचे उत्तर तिथेही एकच होते: पाहायचे, आणि उत्तम नमुने पाहून आपली अभिरुची सुधारायची.

नुसते पाहणे शरीराला किती महागात पडते याची नोंद बोस्टनच्या कला संग्रहालयातल्या बेंजामिन गिलमन याने घेतली. त्याने एका चांगल्या नजरेच्या माणसाला मांडलेल्या वस्तूंविषयी काही साधे प्रश्न दिले आणि उत्तरे शोधताना त्याची छायाचित्रे काढली. कपाटातली खालची पाटी वाचायला तो कमरेत वाकला आहे, उकिडवा बसला आहे, मान वाकडी करून काचेआड डोकावतो आहे. १९१६ मध्ये छापलेल्या या लेखाने ‘संग्रहालयातला थकवा’ हा शब्दप्रयोग रूढ केला. ज्याने कधी टाचा दुखत असताना शेवटचे दालन उरकले आहे त्याला ती चित्रे समजावून सांगावी लागत नाहीत.

या थकव्यावरचा उतारा तोवर जर्मनीत निघाला होता. बर्लिनमध्ये १८८८ मध्ये ‘उरानिया’ ही संस्था स्थापन झाली. खगोलशास्त्रज्ञ विल्हेल्म फोर्स्टर तिचा एक संस्थापक आणि उद्योगपती वेर्नर फॉन सीमेन्स तिचा पाठीराखा. तिथे वेधशाळा होती, शास्त्रीय विषयांचे नाट्यगृह होते आणि एक दालन असे होते की पाहुण्याने कळ दाबावी आणि प्रयोग सुरू व्हावा. शिक्षक शेजारी नाही, परीक्षा नाही, आणि प्रयोग पुन्हा करायचा की नाही हे पाहुण्याच्या हाती. आजच्या प्रत्येक विज्ञान केंद्राचे मूळ या दालनात सापडते.

उरानियाची कल्पना मोठ्या प्रमाणावर उभी केली ती ऑस्कर फॉन मिलर या वीजतज्ज्ञाने. १८८१ च्या पॅरिसमधल्या वीज प्रदर्शनाने तो भारावला होता. पुढच्याच वर्षी म्युनिकच्या प्रदर्शनात त्याने मीसबाखहून सुमारे ५७ किलोमीटर तारेतून वीज आणून एक कृत्रिम धबधबा चालवून दाखवला. पाण्याने वीज आणि विजेने पुन्हा पाणी, ही गंमत लोकांना समजावून सांगावी लागली नाही. १९०३ मध्ये त्याने जर्मन संग्रहालयाची स्थापना केली. १९०६ मध्ये तात्पुरती दालने उघडली आणि ७ मे १९२५ रोजी, त्याच्या सत्तराव्या वाढदिवशी, इझार नदीतल्या बेटावरची इमारत खुली झाली. मूळ यंत्रांशेजारी त्यांची चालती प्रतिरूपे होती. काही यंत्रे कापून आतला भाग उघडा केला होता, जागोजागी मुठी आणि कळा होत्या, तळघरात खरी वाटावी अशी खाण होती आणि त्सायसच्या प्रक्षेपकाने छतावर तारे उमटवणारे तारांगणही होते. मिलरला डोळ्यांपुढे दिसत होते ते कामगार, कारागीर, हुन्नरी विद्यार्थी. त्यांनी आपल्या धंद्यातले यंत्र सुटीच्या दिवशी, मालकाचा धाक नसताना, मन मानेल तसे फिरवून पाहावे ही त्याची इच्छा होती. कारखान्यात यंत्राशी खेळता येत नाही, तिथे खेळ म्हणजे अपघात. संग्रहालयात तोच कामगार विचारू शकतो की हे उलटे फिरवले तर काय होईल.

१९११ मध्ये अमेरिकेतला व्यापारी ज्युलियस रोझेनवाल्ड या संग्रहालयात आला. बरोबरचा आठ वर्षांचा मुलगा विल्यम तिथल्या कळा-मुठींपासून हलेना. पुढे रोझेनवाल्डने शिकागोत तसेच संग्रहालय उभारण्यासाठी पैसा दिला आणि ते १९३३ मध्ये उघडले. मोठ्यांसाठी रचलेल्या वस्तूंचे समर्थन मुलाच्या आनंदाने केले गेले, ही या कथेतली लक्षात ठेवण्याजोगी बाब आहे.

कारण तोवर काळाचा वारा बदलला होता. फ्रोबेलने १८३७ मध्ये जर्मनीत बालोद्यानाची मुहूर्तमेढ रोवली होती. खेळ हे मुलाचे खरे काम आहे हा विचार पाश्चात्त्य शिक्षणात मुरला होता आणि मारिया मॉन्टेसरीच्या साधनांनी त्याला शास्त्राचा आधार दिला होता. या विचाराने मुलांचे कोटकल्याण केले. पण त्याची एक सावलीही पडली. खेळ जितका बालपणाचा हक्क ठरला, तितका तो प्रौढाला न शोभणारा ठरला. १८९९ मध्ये ब्रुकलिनमध्ये जगातले पहिले मुलांचे संग्रहालय निघाले. लंडनच्या विज्ञान संग्रहालयाने १९३१ मध्ये तळघरात मुलांचे दालन उघडले. माणूस समोर आला की प्रकाशाच्या झोतामुळे आपोआप उघडणारे तिथले दार फार लोकप्रिय झाले. हाताने करून पाहायच्या गोष्टी त्या दालनात आणि गंभीर यंत्रे वरच्या मजल्यांवर, अशी भिंत त्या रचनेतच उभी राहिली. १९३७ मध्ये नोबेल विजेत्या झाँ पेरँच्या पुढाकाराने पॅरिसमध्ये उघडलेल्या ‘पाले द ला देकुव्हेर्त’ने, म्हणजे शोधांच्या महालाने, ही भिंत मानली नाही. पण तिथे प्रयोग बहुधा निवेदक करून दाखवत आणि पाहुणे गोल करून पाहत. पुढच्याच वर्षी योहान हाउझिंगा या डच इतिहासकाराचे ‘होमो लुडेन्स’ प्रसिद्ध झाले. कायदा, युद्ध, काव्य, तत्त्वज्ञान अशा मोठ्यांच्या सगळ्या संस्थांत खेळाचे तत्त्व आहे, असे त्याने मांडले. संग्रहालयांपर्यंत तो विचार पोहोचायला तीस वर्षे लागली.

तो पोहोचवणाऱ्यांत अग्रभागी होता फ्रँक ओपनहायमर. अणुबाँबच्या प्रकल्पाचा वैज्ञानिक प्रमुख रॉबर्ट ओपनहायमरचा हा धाकटा भाऊ, जन्म १९१२ चा, स्वतः त्याच प्रकल्पात काम केलेला पदार्थवैज्ञानिक. पूर्वीच्या कम्युनिस्ट पक्षाच्या सदस्यत्वावरून १९४९ मध्ये त्याची संसदीय समितीपुढे चौकशी झाली, मिनेसोटा विद्यापीठातली नोकरी गेली आणि दुसरे विद्यापीठ त्याला घेईना. कोलोरॅडोतल्या पॅगोसा स्प्रिंग्ज या गावाजवळ तो जवळजवळ दहा वर्षे गुरे पाळत राहिला. तिथल्या शाळेत विज्ञान शिकवण्याची संधी मिळाली तेव्हा तो मुलांना गावाबाहेरच्या भंगारात घेऊन जाई आणि मोडक्या मोटारींच्या भागांतून उष्णता, वीज आणि बल शिकवी. पुढे कोलोरॅडो विद्यापीठात नोकरी मिळाल्यावर त्याने ‘प्रयोगांचे वाचनालय’ मांडले: पुस्तकासारखा हवा तो प्रयोग काढायचा, हवा तितका वेळ करायचा. १९६५ मध्ये अभ्यासवृत्तीवर युरोपात गेला असता त्याने म्युनिक, पॅरिस आणि लंडनची संग्रहालये पाहिली, आणि नवी प्रयोगशाळा उभारण्यापेक्षा संग्रहालय उभारणे अधिक मोलाचे, असे त्याच्या मनाने घेतले.

१९६९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत ‘एक्सप्लोरेटोरियम’ सुरू झाले. जागा होती १९१५ च्या जागतिक प्रदर्शनासाठी बांधलेल्या कलामहालाची, एक प्रचंड, थंड, अंधारी दालनवजा शेड. आरंभी तिथे फारसे काही नव्हते. कारखाना मात्र होता, आणि तो मुद्दाम उघडा ठेवला होता. पाहुण्यांना सुतारकाम, झाळकाम, बिघडलेल्या वस्तूंची दुरुस्ती समोर दिसे. वस्तू मोडतात, कुणीतरी डोके खाजवत ती पुन्हा जुळवतो, हे पाहिल्यावर मोठ्या माणसाच्या मनातली ‘बिघडवीन’ ही भीती बरीच उतरते. समजावून सांगायला ठेवलेली माणसे माध्यमिक शाळेतली मुलेमुली होती. ती गायीचा डोळा कापून त्यातले भिंग काढून दाखवत. चाळिशीतल्या माणसाला प्राध्यापकापुढे अडाणी प्रश्न विचारायला जड जाते. सोळा वर्षांच्या मुलीपुढे तितके जात नाही. हे संग्रहालय मुलांचे आहे असे कुणी म्हटले की ओपनहायमर ते खोडून काढी. १९७२ मध्ये ‘अमेरिकन जर्नल ऑफ फिजिक्स’मध्ये त्याने त्यावर लिहिलेल्या लेखाच्या शीर्षकातच ‘खेळकर संग्रहालय’ असे शब्द आहेत. पदार्थविज्ञानाच्या नियतकालिकात तो शब्द घालायला धैर्य लागते.

खेळ म्हणजे नेमके काय, याचा तिथला अर्थ एका वस्तूवरून समजतो. छताला टांगलेला एक अवजड लंबक असतो. तो हलवायचा कसा? साधन एवढेच: दोरीला बांधलेला लहानसा दुबळा लोहचुंबक. तो लंबकाच्या लोखंडी भागावर फेकून चिकटवायचा आणि ओढायचे. अंगात बळ असलेला माणूस हिसका देतो, आणि चुंबक सुटून हाती येतो. दोन-तीनदा असे झाल्यावर तो हलके ओढतो. लंबक केसभर सरकतो. मग लंबक आपल्याकडे येत असतानाच ओढायचे, दूर जाताना सैल सोडायचे, हे हाताला उमगते, आणि काही मिनिटांत तो धिप्पाड लंबक मोठे झोके घेऊ लागतो. लहान पण वेळेवर दिलेल्या बळाने मोठी हालचाल घडते, याला पदार्थविज्ञानात अनुनाद म्हणतात. झोपाळ्यावर मुलाला झोका देणाऱ्या प्रत्येक आईच्या हाताला हे ठाऊकच असते. तिथे ते ज्ञान हातातून डोक्यात जाते. मोठ्या माणसाचे शिकणे असे असते: माहिती पुष्कळदा आधीच असते, तिला नाव आणि जोड मिळायची बाकी असते. जे चुकीचे शिकलेले असते, जसे जास्त जोर म्हणजे जास्त परिणाम, ते सांगून जात नाही. चुंबक चार वेळा सुटला की जाते.

उरानियाची कळ आणि हा लंबक यांतला फरक मोठा आहे. कळ दाबली की ठरलेले घडते, दाबणारा कोण यावर काही अवलंबून नसते. ज्या दालनात नुसत्या कळा असतात तिथे लोक सगळ्या दाबत पुढे पळतात. लंबकाशी खेळताना मात्र करणाऱ्याच्या प्रत्येक कृतीने पुढचा क्षण बदलतो. दुसऱ्या बाजूने अनोळखी माणसाने दोरी धरली तर त्याच्याशी जुळवून घ्यावे लागते किंवा झुंजावे लागते. आणखी एका वस्तूत अर्धपारदर्शक आरशाच्या दोन बाजूंना दोघे बसतात आणि आपापला दिवा कमी-जास्त करतात, तेव्हा एकाच्या चेहऱ्यात दुसऱ्याचा चेहरा मिसळत जातो. ती शिकवते प्रकाशाचे परावर्तन, पण दोन परके प्रौढ तिच्यापुढे हसू लागतात, आणि शिकण्याची सुरुवात तिथे होते. या वस्तू कशा बनवाव्यात याची पुस्तिका १९७५ पासून ‘पाककृतींचे पुस्तक’ या अर्थाच्या नावाने निघाली आणि कुणीही नक्कल करावी म्हणून खुली ठेवली. ब्रिस्टलमध्ये दृष्टिविज्ञानाचा अभ्यासक रिचर्ड ग्रेगरी याने ऐंशीच्या दशकात तसेच केंद्र काढले.

कला संग्रहालयांत हीच गोष्ट अधिक नाट्यमय रीतीने घडली. १९६८ मध्ये स्टॉकहोमच्या आधुनिक कला संग्रहालयात पॅले नीलसन याने तीन आठवडे मुलांचे साहसी क्रीडांगण मांडले. मुलांना प्रवेश फुकट होता, मोठ्यांना पाच क्रोनरचे तिकीट होते. १९७१ मध्ये लंडनच्या टेट गॅलरीत रॉबर्ट मॉरिस याने प्लायवूड, दोर, ओंडके आणि लोखंडी पत्र्याच्या उतरणी, डुलते फलक, बोगदे उभे केले आणि लोकांनी त्यांवर चढावे, तोल सांभाळावा, ओढावे अशी सूचना केली. येणारे मुख्यतः मोठे होते. वर्षानुवर्षे ज्यांना हात लावू दिला नव्हता त्यांनी तिथे इतका जोर केला की वस्तू मोडल्या, माणसे खरचटली, आणि चार दिवसांत प्रदर्शन बंद करावे लागले. याचा दोष लोकांच्या बेशिस्तीला दिला गेला. खरे तर न खेळलेल्या माणसाला एकाएकी खेळायला सोडले की असेच होते. खेळाचीही रीत असते आणि ती सरावाने येते. २००९ मध्ये त्याच वस्तू टेट मॉडर्नच्या भव्य दालनात, अधिक मजबूत आणि गुळगुळीत करून, पुन्हा उभारल्या. २००६ मध्ये त्याच दालनात कार्स्टन हॉलर याच्या घसरगुंड्यांवरून मोठी माणसे खाली आली होती. सेंट लुइस शहरात बॉब कॅसिली या शिल्पकाराने जोड्यांच्या कंपनीच्या जुन्या इमारतीत १९९७ मध्ये ‘सिटी म्युझियम’ उघडले. तिथे दहा मजली घसरगुंडी आहे आणि बोगद्यांतून रांगणाऱ्यांत मोठ्यांचा भरणा असतो. याच्या उलट नशीब लिजिया क्लार्क या ब्राझीलच्या कलावतीच्या बिजागऱ्यांच्या धातुशिल्पांचे. ‘बिशोस’ म्हणजे जनावरे या नावाची ही शिल्पे तिने १९६० पासून घडवली. पाहणाऱ्याने पाती हवी तशी दुमडावीत म्हणूनच ती बनवली होती. त्यांची किंमत वाढली आणि अनेक संग्रहालयांत ती आता काचेआड किंवा हात लावू नका या पाटीमागे स्थिर उभी असतात.

भारतात विज्ञानाची संग्रहालये स्वातंत्र्यानंतर उभी राहिली. कोलकात्यात १९५९ मध्ये बिर्ला औद्योगिक व तांत्रिक संग्रहालय सुरू झाले. १९६५ मध्ये बंगळुरूचे विश्वेश्वरय्या संग्रहालय उघडले आणि त्याच वर्षी कोलकात्याहून फिरते प्रदर्शन बसमधून खेड्यांकडे निघाले. या बसचा प्रेक्षक गावातला सगळा समाज होता: शाळेची मुले, शेतकरी, बाजाराला आलेले लोक. १९७८ मध्ये राष्ट्रीय विज्ञान संग्रहालय परिषद स्थापन झाली. सरोज घोष तिचे पहिले प्रमुख आणि पुढे जागतिक संग्रहालय परिषदेचे अध्यक्ष झाले. मुंबईत वरळीला नेहरू विज्ञान केंद्राची पहिली पायरी १९७७ मधले प्रकाश आणि दृष्टीवरचे दालन ही होती. १९७९ हे आंतरराष्ट्रीय बालवर्ष, आणि त्या वर्षी तिथे उघड्यावरचे विज्ञान उद्यान झाले. पूर्ण केंद्राचे उद्घाटन ११ नोव्हेंबर १९८५ रोजी पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते झाले. नागपूरचे रमण विज्ञान केंद्र १९९२ चे, गोव्यात मिरामारचे विज्ञान केंद्र २००१ चे.

विज्ञान उद्यान ही कल्पना भारतीय हवामानाला आणि गर्दीला साजेशी होती. झाडांखाली मोठ्या पितळी नाही तर सिमेंटच्या तबकड्या समोरासमोर उभ्या करायच्या, एकीत कुजबुजले की दूरच्या दुसरीत ऐकू येते. कप्प्यांच्या दोरीने स्वतःला खुर्चीसकट उचलायचे. पण बालवर्षाची खूण या केंद्रांवर कायमची उमटली. अंदाजपत्रक, वेळापत्रक, सहलींच्या बसगाड्या, सारे शाळेभोवती फिरते. आईवडील मुलांना पुढे करतात, बूट-पिशव्या सांभाळतात, आणि मुलगा दुसरीकडे वळला की हळूच कप्पीची दोरी ओढून पाहतात. ही चोरटी ओढ या देशातल्या प्रौढशिक्षणाचा हाताशी असलेला, न वापरलेला साठा आहे.

मराठी संस्कृतीत मोठ्यांचा खेळ परका नाही. नाटकाचा ‘खेळ’ होतो, कोकणात नमनाला ‘खेळे’ येतात, मंगळागौरीला लग्न झालेल्या मुली आणि त्यांच्या आया रात्र जागवतात. पुण्य आणि पाप, चढ आणि उतार घरांमध्ये मांडणारा मोक्षपट ज्ञानेश्वरांनी रचला अशी परंपरा सांगते. तो पट मोठ्यांनी बसून खेळायचा आणि त्यातून धर्मविचार शिकायचा होता. सापशिडी म्हणून तो मुलांकडे गेला, आणि त्या जातीचे जुने पट आता संग्रहालयांत जपले जातात.

प्रौढ खेळातून कसे शिकतात याचा भारतातला सगळ्यात समृद्ध अनुभव शिक्षकांच्या शिबिरांतून आला. मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ मध्ये १६ माध्यमिक शाळांत प्रयोगातून विज्ञान शिकवण्याचा उपक्रम सुरू झाला. किशोर भारती आणि रसुलियाचे मित्र मंडळ या संस्था त्यामागे होत्या, आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले वैज्ञानिकही शिबिरांना येत. मुलांनी करायचे प्रयोग आधी शिक्षकांनी जमिनीवर बसून करायचे, हा नियम होता. १९७८ मध्ये पुण्याच्या मोटार कारखान्यातून रजा घेऊन अरविंद गुप्ता तिथे गेले, आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी आणि काडेपेटीच्या काड्या यांतून त्रिमितीय आकृत्या जोडण्याची युक्ती तिथे जन्मली. काड्यांचा त्रिकोण दाबला तरी हलत नाही, चौकोन लगेच कलतो. पूल आणि छपरे त्रिकोणांनी का बांधतात हे कळायला एवढे पुरते. २००३ पासून दशकभराहून अधिक काळ ते पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत होते. जयंत नारळीकरांनी उभारलेल्या या संस्थेच्या आवारात फूकोचा लंबक आहे आणि न्यूटन, आर्यभट, गॅलिलिओ, आइन्स्टाइन यांचे पुतळे आहेत. शोधिका मुलांसाठी खुली होती, पण तिथे शिक्षकही येत. टाकाऊ बाटल्या, नळ्या, जुन्या सीडी यांची खेळणी करताना, वर्षानुवर्षे फळ्यावर लिहिलेला नियम पहिल्यांदाच हातात चालताना पाहिलेले शिक्षक शोधिकेबाहेर जात तेव्हा त्यांच्या पिशवीत ते खेळणे असे.

गेल्या दीड-दोन दशकांत पाश्चात्त्य संग्रहालयांनी अठरा वर्षांवरच्यांसाठीच संध्याकाळ राखण्याची रीत सुरू केली. लंडनचे विज्ञान संग्रहालय महिन्यातल्या ठरावीक बुधवारी, एक्सप्लोरेटोरियम गुरुवारी. २०१३ मध्ये एक्सप्लोरेटोरियम बंदरावरच्या १५ क्रमांकाच्या धक्क्यावर नव्या जागेत गेले. तिथे गुरुवारी रात्री मोठी माणसे तीच दोरी, तोच चुंबक आणि तोच लंबक घेऊन उभी असतात. वस्तू बदललेल्या नाहीत, फक्त मुले घरी झोपलेली असतात. कोलच्या गॅसच्या दिव्यांप्रमाणेच ही सोय कामाच्या वेळेनंतरची आहे. भारतातली बहुतेक विज्ञान केंद्रे संध्याकाळी सहाच्या सुमारास बंद होतात, तेव्हा कचेऱ्या आणि कारखाने नुकतेच सुटलेले असतात.